अनुभवकथन आणि विद्यापीठातील वर्ग

(प्लेनो, टेक्सास येथील वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपली मुले-मुली आता शेजारच्या रिचर्डसनमधील टेक्सास विद्यापीठात आणि इतरत्र उच्च शिक्षण घेत आहेत. तेथील वर्गात भारताचा विषय निघाला की जातीचा उल्लेख येतोच. अशा वेळी आपले मूल बहुधा गप्प बसते. आपण कोण हे सांगावे की लपवावे, हा पेच त्याच्यापुढे असतो. अध्यापनात अनुभवकथनाला स्थान मिळाले, तर हा पेच सुटण्यास मोठे साहाय्य होईल, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

ही परंपरा आपलीच आहे. महात्मा फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि 1855 साली तो ‘ज्ञानोदय’मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या समाजाचे जगणे हाच तिच्या अभ्यासाचा विषय होता.

परमपूज्य बाबासाहेबांनी तर ही पद्धती विचारपूर्वक स्वीकारली. अस्पृश्यता परकीयांना कशी समजावून द्यावी? सर्वसाधारण वर्णन करण्यापेक्षा प्रत्यक्ष घडलेले प्रसंग सांगणे अधिक परिणामकारक, असा निर्णय करून त्यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ लिहिले. मसूर स्टेशनवर उतरलेली लहान मुले, जात कळताच त्यांना गाडीत घेण्यास नकार देणारे गाडीवान, आणि अखेर दुप्पट भाडे देऊन मुलांनी स्वतः हाकलेली बैलगाडी, हे वाचल्यावर कोणत्याही देशातील विद्यार्थ्याला व्याख्येची गरज उरत नाही. बाबासाहेब 1913 ते 1916 या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, तेथील प्राध्यापिका फ्रान्सिस प्रिचेट यांनी हा मजकूर वर्गात वापरण्यासाठी संपादित केला, ही आपणां सर्वांस अभिमानाची गोष्ट होय.

कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’ 1981 साली आले. संस्कृतात एम.ए. होऊनही त्यांना नोकरीसाठी वणवण करावी लागली आणि विवाहानंतर सोमकुवर हे आडनाव बदलल्यावर ती मिळाली. आडनाव सांगताना आजही ज्यांची जीभ अडखळते, त्यांना या अनुभवाचा अर्थ वेगळा सांगावयास नको. पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रातील प्राध्यापिका शर्मिला रेगे यांनी 2006 च्या आपल्या ग्रंथात अशा आठ दलित स्त्रियांची कथने मांडली आणि त्यांना समाजशास्त्राच्या ज्ञानाचा दर्जा दिला.

मात्र काही पथ्ये पाळलीच पाहिजेत. वर्गातील एकट्या दलित विद्यार्थ्याला उभे करून “तुझे दुःख सांग” म्हणणे हा समावेश नव्हे, ती नवी अवहेलना आहे. प्रथम छापील कथन वाचावे. मग शिक्षकाने स्वतःपासून आरंभ करावा, कारण जातीने ज्याला लाभ दिला त्याचीही जातकथा असतेच. मौन पाळण्याचा अधिकार प्रत्येकाला असावा. आणि कथन अश्रूंपाशी न थांबता कायदा, अर्थकारण व इतिहास यांच्याशी जोडले जावे.

टेक्सासमध्ये या विषयाला विशेष निकड आली आहे. 2023 च्या सिनेट बिल 17 या कायद्यान्वये सार्वजनिक विद्यापीठांतील विविधता व समावेशनाची कार्यालये 1 जानेवारी 2024 पासून बंद झाली. त्या कायद्याने वर्गातील अध्यापन व संशोधन यांना आपल्या कक्षेबाहेर ठेवले. म्हणजे कार्यालयाचे दार बंद झाले, तेव्हा वर्गाची जबाबदारी वाढली.

परंतु वर्गात बोलण्याचे बळ घरातून मिळते. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बालवयात दीक्षा घेतलेली पिढी आज वृद्ध झाली आहे. त्यांच्यापैकी कोणी आई-वडील सहा महिन्यांच्या मुक्कामाला आपल्याकडे आले, की त्यांची गोष्ट नातवंडांसमोर त्यांच्याच शब्दांत ध्वनिमुद्रित करून ठेवा. मुलांना दुखावतील म्हणून त्या आठवणी दडवू नका. आजीने कोणते काम करून वडिलांना शिकविले, हे ज्या मुलीला ठाऊक आहे, ती वर्गात बोलेल किंवा बोलणार नाही. तो निर्णय तिचा. पण तिचे मौन लज्जेपोटी असणार नाही.

पुढील संमेलनापर्यंत प्रत्येक कुटुंबाने अशी एक तरी गोष्ट लिहून आणावी, अशी नम्र विनंती करून मी आपली रजा घेतो.

जय भीम! नमो बुद्धाय!