उन्हापावसांतील लेबल

नवें लेबल कोरें करकरीत दिसतें व घट्ट चिकटतें, एवढ्यावरून तें बाहेरच्या हवेंत टिकेल असें अनुमान काढणें धोक्याचें आहे. स्वयंपाकघरांतील बरणीवरचें लेबल गळून पडलें, तर फार तर जिऱ्याच्या जागीं शहाजिरें पडेल. परंतु विषारी द्रव्याचें पिंप जहाजावरून समुद्रांत पडून वाहत वाहत किनाऱ्याला लागलें आणि त्यावरील अक्षरें पुसलेलीं असलीं, तर त्यास हात लावणाऱ्याच्या जिवावरच बेतावयाचें. म्हणूनच धोकादायक मालाच्या सागरी वाहतुकीचा आंतरराष्ट्रीय नियम असा आहे कीं, निदान तीन महिने समुद्रांत बुडून राहिल्यावरही पिंपावरील खूण ओळखतां आली पाहिजे.

ह्या परीक्षेची रीत १९८६ सालच्या ‘बी. एस. ५६०९’ ह्या ब्रिटिश मानकांत घालून दिली आहे. तींत प्रथम कोऱ्या लेबलाची परीक्षा होते. तें तीन महिने समुद्राच्या पाण्याला व उन्हाला तोंड देत ठेवावयाचें. मग छापलेल्या लेबलाची निराळी परीक्षा. तें खारें पाणी व वाळू ह्यांत घुसळून अक्षरें शाबूत राहतात कीं नाहीं, हें पाहावयाचें. कोरें लेबल उत्तीर्ण झालें म्हणून छपाई उत्तीर्ण होत नाहीं.

ह्याचें कारण उघड आहे. लेबल ही एक वस्तु दिसली, तरी वरचा पापुद्रा, त्यावरील शाई आणि खालचें चिकटद्रव्य ह्या तिघांचा तो संसार आहे. साधा कागद पाण्यानें फुगतो. पॉलिएस्टरचा पापुद्रा फुगत नाहीं. पाण्यांत विरघळणाऱ्या रंगाची शाई पहिल्याच सरींत ओघळते. काजळीसारख्या कणांची काळी शाई उन्हानें सहसा विटत नाहीं. ॲक्रिलिक चिकटद्रव्य उन्हांत पुष्कळ टिकतें. रबराचें लवकर कडक होऊन सुटतें. तिघांपैकीं जो दुबळा, त्याच्याच आयुष्याएवढें लेबलाचें आयुष्य.

हीच परीक्षा लहान प्रमाणांत कोणत्याही घरच्या गच्चीवर करतां येते. एकच मजकूर छापून तीन लेबलें घ्यावींत. कुंडी असो, डबा असो, ज्या वस्तूवर लेबल लावावयाचें त्याच जातीचे तुकडे पुसून कोरडे करावे, त्यांवर तीं चिकटवावींत आणि पाणी लागण्यापूर्वी एक दिवस जाऊं द्यावा. दोन तुकडे दक्षिणेकडे तोंड करून तिरपे ठेवावे. तिसरा कपाटाच्या अंधारांत ठेवावा. तोच तुलनेचा साक्षीदार. दर आठ दिवसांनीं तिन्ही शेजारीं शेजारीं ठेवून पाहावे, ओलें बोट फिरवावें, कोपरे सुटले का तें तपासावें. तारीख शिसपेन्सिलीनें लिहावी. ती उन्हानें उडत नाहीं.

दोन मोह मात्र टाळावे. खिडकीच्या कांचेआड केलेली परीक्षा फसवी असते, कारण उन्हांतील रंग खाणाऱ्या अदृश्य किरणांचा मोठा भाग कांच अडविते. तसेंच बादलींत रात्रभर बुडवून निघालेलें लेबल पावसाळा काढील असेंही नाहीं. ऊन आधीं पकड सैल करतें, मग पाऊस तींत शिरतो. दोघांची कामगिरी एकमेकांच्या मदतीनें चालते. म्हणून वैशाखाच्या उन्हांत ठेवलेला तुकडा श्रावणांतही वाचतां आला, तरच बागेंतील औषधाच्या बाटलीवर तसलें लेबल खुशाल लावावें.