कापड बेतण्याआधी वही उघडा

(प्रभाग संघाच्या वार्षिक सभेत शिवणकाम करणाऱ्या एका गटाच्या सचिव ताईंनी केलेलं भाषण, त्यांच्याच शब्दांत.)

मला विषय दिलाय "ऑर्डर कशी मिळवावी". पण ऑर्डर मिळवायची हातोटी मला आहे असं अजून मला म्हणवत नाही. मिळालेली ऑर्डर अंगावर कशी येते हे मात्र मी नीट शिकलेय. म्हणून तेच सांगते, अध्यक्षताईंनी रागावू नये.

२०१८ साली आपल्या राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली आणि कापडी पिशव्यांची विचारणा गटांकडे व्हायला लागली. आमच्याकडेही शहरातले एक दुकानदार आले. ३०० पिशव्या. मांजरपाट त्यांचा, शिलाई आमची. १४ बाय १६ इंच, साधी पिशवी, दोन बंद. पिशवीमागे १८ रुपये, ८ दिवसांत द्यायच्या. सगळं फोनवर ठरलं. कागद नाही, विसार नाही. एवढी मोठी ऑर्डर पहिल्यांदाच, आम्हाला त्याचंच अप्रूप.

तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आमच्या अध्यक्षांना. "ताई, आत एक छोटासा खिसा टाका ना." त्या म्हणाल्या, टाकते. मग फोन मला. "वरून चेन लागेल हो. चेन तुम्हीच आणा, हिशेबात बघू." मीही म्हणाले, बरं. तिसरा फोन आमच्यातल्या एका बाईला, की बंद खांद्यावर अडकवता येतील एवढे लांब करा. तीही हो म्हणाली. संध्याकाळी एकत्र बसलो तेव्हा कळलं की एका दिवसात आम्ही तिघींनी तीन कामं अंगावर घेतलीत, आणि ११० पिशव्या तर शिवून झाल्यात. मग त्या उसवल्या. शिवलेल्या पिशवीला आतून खिसा लावून बघा एकदा, म्हणजे कळेल. लांब बंदांना कापड जास्त गेलं, ते कमी पडलं, तर "कापड गेलं कुठं?" हे ऐकून घ्यावं लागलं. नवीन कापड यायला दोन दिवस गेले ते वेगळेच.

८ दिवसांचं काम १२ दिवसांवर गेलं. उशीर झाला म्हणून त्यांनी ६०० रुपये कापले. चेन आम्ही गटातून अंतर्गत कर्ज काढून आणली होती, १८०० रुपयांची. ते "हिशेबात बघू" शेवटपर्यंत हिशेबात आलंच नाही. ५४०० मधून हे २४०० गेले, दोरा आणि रिक्षाचे ६०० गेले. पाचजणींत २४०० वाटले. एकीला ४८० रुपये.

आमच्यातली एक बाई खुरपणीची मजुरी सोडून मशीनवर बसली होती. तिच्या हातावर ४८० ठेवताना मला मान वर करता आली नाही. ती काहीच बोलली नाही. पुढच्या बैठकीला मात्र आली नाही.

तेव्हा आम्ही दुकानदाराला पोटभर नावं ठेवली. आता नीट विचार करते तेव्हा वाटतं, त्यांनी मागितलं आणि आम्ही दिलं. दाम कुणीच सांगितला नाही. "छोटासा खिसा" त्यांच्यासाठी खरंच छोटासा होता, मशीनवर ते बसत नव्हते ना. तो किती मोठा आहे हे सांगणं आमचं काम होतं आणि ते सांगायला ते आम्हालाच माहीत नव्हतं.

म्हणून नंतर मी मोबाईलमधलं घड्याळ लावून बसले. साध्या पिशवीला मला १२ मिनिटं लागतात. खिशाला ६ मिनिटं, चेनला १०. म्हणजे १२ मिनिटांची पिशवी २८ मिनिटांची झाली, दाम तोच १८ रुपये. तासाला ९० रुपये पडायचे ते ३९ सुद्धा पडेनात. ३०० पिशव्यांवर ८० तास फुकट गेले, उसवायचा वेळ त्यात धरलेलाच नाही. तायांनो, घरी जाऊन तुम्ही जे करता त्याचं असंच घड्याळ लावा. ब्लाऊज असो, पापड असो, चकली असो. मिनिटं माहीत नसतील तर भाव सांगताना आवाज बारीक होतो. माझा व्हायचा.

आता आमच्याकडे ऑर्डरची वही आहे. साधीच, शाळेतली दोनशे पानी. ऑर्डर आली की एक पान. काय करायचं, किती, माप काय, कापड कुणाचं, दोरा-चेन कुणाची, तारीख कोणती, विसार किती आला, पोचवायचं कुणी. आणि शेवटी एक ओळ, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: "यात काय नाही". अस्तर नाही, छपाई नाही, इस्त्री नाही, जे नसेल ते. पानाचा फोटो गिऱ्हाइकाला व्हॉट्सअ‍ॅपवर जातो. त्यांचं "ठीक आहे" लिहून आल्याशिवाय आणि विसार आल्याशिवाय कापड बेतायचं नाही. दोन नमुने शिवतो, एक त्यांच्याकडे, एक आमच्याकडे. दोन्हींवर त्यांच्या सहीची चिठ्ठी टाचलेली. "मी असं म्हणालोच नव्हतो" हे भांडण नमुन्यापुढे चालत नाही.

आणि फोन एकीनेच घ्यायचा. दुसरीला आला तर तिने एवढंच म्हणायचं, "ऑर्डर ताईंकडे आहे, त्यांच्याशी बोला." हे पाळायला आम्हाला सहा महिने लागले, कारण फोनवर नाही म्हणणं आपल्या जिभेवर येतच नाही. मी सांगते, नाही म्हणूच नका. "होईल की. खिशाचे पिशवीमागे ८ रुपये वाढतील आणि दोन दिवस जास्त लागतील. लिहून पाठवू?" बरेचजण म्हणतात, राहू द्या मग. काहीजण खरंच पैसे देतात. रागावून ऑर्डर काढून घेतली असं एकदाच झालं. वाईट वाटलं, पण तेवढंच.

गावातलं गिऱ्हाईक अवघड. नणंद ब्लाऊज टाकते आणि वर म्हणते, "साडीला फॉल-पिको पण करून दे गं, घरचंच आहे." तिथे वही काढली तर घरात महाभारत. मी फॉल फुकट लावून देते, पण आधीच सांगते, "वन्सं, हा माझ्याकडून." फुकट दिलं तरी ते दिलं हे समोरच्याला कळू द्यावं. यावर तुमचं मत वेगळं असेल.

आपली चूकही सांगते. "परवा देते" ही शिवणाऱ्या बायकांची जुनी सवय. लावणी आली, लाईट गेली, घरात कुणी आजारी पडलं, तर तारीख हुकणार हे आपल्याला दोन-तीन दिवस आधी कळलेलं असतं. त्याच दिवशी फोन करा. दुकानदाराला पुढे लग्नघरात उत्तर द्यायचं असतं.

पैसे अडकतात त्याबद्दल थोडं. केंद्राचा २००६ चा सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योगांचा कायदा आहे. माल बनवणाऱ्या छोट्या उद्योगाचे पैसे लेखी ठरलेल्या तारखेला द्यायचे, आणि ती तारीख ४५ दिवसांच्या पुढची ठरवता येत नाही. लेखी काही ठरलं नसेल तर १५ दिवसांत. मालाबद्दल तक्रार असेल तर तीही माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी करायची. नाहीतर माल पोचला त्या दिवशीच पसंत पडला असं धरतात. त्यासाठी उद्यम नोंदणी लागते. ती ऑनलाइन होते, सरकारी फी काही नाही, आणि बचत गटाच्या नावानेही करता येते. कुणी त्याचे हजार रुपये मागितले तर देऊ नका. आमची नोंदणी झालीय. कायदा वापरायची वेळ अजून आली नाही, पण बिलावर नोंदणी नंबर लिहितो.

त्या खुरपणी सोडून आलेल्या बाईचं विचाराल तर ती दीड वर्षाने परत आली, मी तीनदा घरी गेले तेव्हा. आल्याबरोबर तिने पहिलं काय विचारलं असेल? "वहीत लिहिलंय का?" आता फोन तिच्याकडेच असतो. आज ती आली नाही, कारण शनिवारी १५० पिशव्या द्यायच्यात. ऑर्डरची वही मी तिला विचारून आणलीय. चहाच्या वेळी टेबलावर ठेवते, बघून घ्या. फक्त पानं फाडू नका.