कड्याचे देणे



'प्रस्तरारोहणाचा उत्सव' हा विषय फलकावर वाचून आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल, की दगडावर चढण्यात उत्सव कसला? उत्सव म्हटला की मांडव हवा, आरास हवी, प्रसाद हवा. येथे तर बोटांना खडूची पूड लावून उभ्या कातळाला चिकटलेली मुले आणि खाली माना वर करून उभे राहिलेले प्रेक्षक! परंतु चढणारांचे कौतुक करून थांबावे असा आमचा विचार नाही. ज्या कड्यावर आपण चढतो त्याचे आपण काही देणे लागतो की नाही, हा प्रश्न आम्हांला आपल्यापुढे ठेवायचा आहे.

ठाण्यास आगगाडी १८५३ साली आली, कल्याणास १८५४ साली. पुढे १९१६ मध्ये पारसिकचा डोंगर पोखरून बोगदा झाला. तेव्हापासून शहर वाढत गेले आणि डोंगर कमी होत गेला. रुळांखालची खडी डोंगराची, रस्त्यांची डोंगराची, आपल्या घरांच्या भिंतींतलीही डोंगराचीच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून जो काळा कातळ घडला, तो फोडायला सुरुंगाला एक दिवस पुरतो. डोंगराने दिले आणि आपण घेतले. या खात्यात जमेची बाजू अजून कोरीच आहे.

आता त्याच दगडाकडे दुसऱ्या नजरेने पाहणारे लोक पाहा. मुंब्र्याच्या डोंगरातले कातळ नि बेलापूरच्या टेकडीवरच्या शिळा यांवर मुंबई-ठाण्याच्या कित्येक गिर्यारोहकांनी आपले पहिले धडे गिरवले. १९५४ साली स्थापन झालेल्या 'गिरिविहार' या संस्थेने बेलापूरच्या शिळांवर चढाईच्या स्पर्धा भरवल्या. त्याच परंपरेतून २०१६ आणि २०१७ या दोन्ही वर्षी नवी मुंबईत 'बोल्डरिंग' प्रकारातील जागतिक चषक स्पर्धा झाली. आणि हे सारे केले कोणी? बहुतांशी नोकरी-धंदा सांभाळणाऱ्या हौशी कार्यकर्त्यांनी. पुढे २०२१ साली टोकिओत चढाईला ऑलिंपिकमध्येही स्थान मिळाले. ज्याला आपण पडीक दगड म्हणत होतो, तो या लोकांमुळे क्रीडांगण ठरला. आणि ज्या दगडाला कोणी आपला म्हणतो, त्याला सुरुंग लावणे थोडे कठीण जाते. अशा उत्सवाचा पहिला उपयोग हा.

परंतु चढणाराही दगडाला दुखवतो, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पूर्वी कड्याच्या भेगेत पोलादी खिळे ठोकायचे, दोर अडकवायचा आणि मागून येणाऱ्याने ते उपटून काढायचे, अशी रीत होती. पुन्हा पुन्हा ठोकून भेगांची भोके झाली. अमेरिकेत इव्हॉन शुईनार्ड नावाचा गिर्यारोहक हे खिळे स्वतः घडवून विकत असे. तोच त्याचा मुख्य धंदा. १९७२ साली त्याने आणि त्याचा भागीदार टॉम फ्रॉस्ट याने आपल्याच मालाच्या सूचिपत्रात लिहिले, की हे खिळे आता वापरू नका. हाताने भेगेत बसवता येतील आणि हातानेच काढता येतील अशी साधने घ्या. आपल्याच दुकानाच्या दारात उभे राहून गिऱ्हाइकाला परत पाठवण्यासारखेच हे! त्याच देशातील योसेमिटीच्या खोऱ्यात गिर्यारोहक २००४ सालापासून दर वर्षी जमतात आणि वाटांवरचा कचरा वेचतात. चढाई, गप्पा, खेळ सारे असते. पण मुख्य काम हाती पोते घेण्याचे.

असा उत्सव आपल्याकडे का होऊ नये? आपल्याजवळ माहुली आहे, गोरखगड आहे, आणि कल्याणच्या अगदी उशाशी मलंगगड आहे. १७८० साली इंग्रजांच्या ॲबिंग्टनने मलंगगडाची खालची माची घेतली; बालेकिल्ला मात्र त्याला दाद देईना. ज्या गडाने तोफा सोसल्या, त्याला आज प्लास्टिकच्या बाटल्यांनी जेरीस आणावे काय? बाबा मलंगच्या दर्ग्याला हिंदू जातात, मुसलमानही जातात. वाट सर्वांची आहे, तेव्हा ती झाडण्याचे कामही सर्वांचेच.

येथे कोणी म्हणेल, की उत्सव भरवलात तर गर्दी होईल आणि गर्दीबरोबर दुप्पट कचरा येईल. आक्षेप खरा आहे. म्हणून आमचे म्हणणे असे, की उत्सव लहान असावा. जेवढी माणसे कड्याला सोसतील तेवढीच घ्यावीत आणि ज्याने सकाळी वाट झाडली त्यालाच दुपारी दोर मिळावा. कर्णा वाजू नये, चूल पेटू नये. कारण कड्यावर आग्या मोहोळ असते आणि आवाजाने, धुराने ते उठले म्हणजे जिवावर बेतते. दुसरी गोष्ट गिधाडांची. गुरांना देण्यात येणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधाने त्यांचा संहार झाला. २००६ साली त्या औषधाच्या गुरांसाठीच्या वापरावर बंदी आली. उरलेली गिधाडे सह्याद्रीच्या उंच कड्यांवर घरटी करतात, आणि तीही हिवाळ्यात, म्हणजे नेमकी आपल्या चढाईच्या हंगामात. जेथे घरटे असेल तो कडा त्या वर्षापुरता सोडून देणे, हा चढणाराचा खरा संयम. वनखात्याची परवानगी तर हवीच. पण पायथ्याच्या पाड्यांतील ठाकूर-कातकरी मंडळींनाही आधी विचारावे. डोंगर आपल्या आधी त्यांचा आहे. जेवण त्यांच्या हातचे असावे आणि त्याचे पैसे त्यांच्या हाती पडावेत.

याला लागणारी माणसे आपल्या गावांत नाहीत, असे नाही. डोंबिवलीच्या 'ट्रेकक्षितिज' या संस्थेने महाराष्ट्रातील किल्ल्यांची माहिती मराठीत गोळा करून सर्वांस खुली केली आहे. वाटा माहीत असलेले तरुण आहेत, शिकवणारे आहेत. उणीव आहे ती खाली उभे राहणाऱ्या आपल्यासारख्या नागरिकांची. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, तेव्हा आपण सर्वांनी अभिमानाने माना उंचावल्या. त्या बारांत ठाणे जिल्ह्यातील एकही नाही. मग आपल्या डोंगराची काळजी कोणा जागतिक संस्थेने येऊन घ्यावी, अशी वाट पाहायची काय?

तेव्हा आमची विनंती एवढीच आहे. पावसाळा सरून कातळ कोरडा झाला, की आपल्या शाळेतून, सोसायटीतून, वाचनालयातून दहा-दहा माणसांनी एक रविवार द्यावा. ज्यांचे गुडघे साथ देतील त्यांनी चढावे. इतरांनी पोते धरावे. घरी परतताना वर किती चढलो हे जरूर सांगावे, पण त्याआधी खाली किती उतरवून आणले ते सांगावे.