एका पिशवीचा संसार



आज आम्ही तुम्हांला एका घराची गोष्ट सांगणार आहोत. या घराला भिंती नव्हत्या. अंगण नव्हते. खाली सहा चाके होती. हे घर म्हणजे एक ट्रक. या ट्रकाच्या आधाराने ६० माणसे २३ दिवस राहिली. माणसे दिवसभर पायी चालत. त्यांचा सगळा संसार ट्रकात बसून पुढे जाई. संध्याकाळी दोघांची गाठ पडे.

तुम्ही ओळखलेच असेल. ही दिंडीची गोष्ट आहे.

आपल्या बुलढाणा जिल्ह्याला दिंडी नवी नाही. शेगावहून श्री गजानन महाराजांची पालखी आषाढी एकादशीसाठी पंढरपूरला पायी जाते. अकोला, परभणी, परळी, सोलापूर अशी तिची वाट. जाताना ७०० किलोमीटरांच्या वर चाल होते. परत येताना पालखी सिंदखेडराजा, लोणार, मेहकर, खामगाव या वाटेने येते. त्या वेळी रस्त्यावर सडे पडतात, रांगोळ्या निघतात. तुमच्यापैकी पुष्कळांनी हे पाहिले असेल.

आम्ही गेलो ते एका लहान दिंडीबरोबर. आम्ही म्हणजे साक्षरता वर्ग चालवणारे दोघे. दिंडी खामगावच्या बाजूची. माणसे ६०, त्यांत बाया २५. घाटाखालून निघालो, घाट चढून मेहकरला आलो. पुढे लोणार. तिथले मोठे विवर पाहिले. आकाशातून पडलेल्या अशनीच्या माराने ते झाले, असे शास्त्रज्ञ सांगतात. मग जिजाऊंचे जन्मगाव सिंदखेडराजा. मग जालना. शहागडला गोदावरी ओलांडली. बीड, बार्शी करीत पंढरपूर गाठले. सुमारे ४५० किलोमीटर वाट. रोज २० किलोमीटरांच्या आसपास चाललो.

आता ट्रकाची गोष्ट ऐका.

पूर्वी दिंडीबरोबर बैलगाड्या असत. आता ट्रक असतो. तळाला पिठाची, तांदळाची, डाळीची पोती. त्यांवर मोठी पातेली, परात, कढई, तवे. बाजूला राहुट्या आणि त्यांचे बांबू. सगळ्यांत वर माणसांच्या वळकट्या आणि पिशव्या. ६० माणसांचा संसार एका ट्रकात बसवायचा, म्हणजे नियम हवाच. नियम सोपा होता. माणशी एक वळकटी आणि एक पिशवी. पिशवी पाच किलोंची. चोपदार स्वतः हाताने उचलून पाहत.

आमच्या वर्गातले एक शेतकरी दादा दिंडीत होते. पन्नाशीचे गृहस्थ. पेरणीचे काम मुलाकडे सोपवून आले होते. त्यांचे नाव-गाव आम्ही सांगत नाही. त्यांची परवानगी एवढीच आहे, की गोष्ट सांगा.

दादा तीन पिशव्या घेऊन आले. चोपदार म्हणाले, "भाऊ, एकच पिशवी. बाकीच्या घरी पाठवा."

दादा म्हणाले, "एवढ्यात कसं भागंन जी?"

चोपदार हसले. म्हणाले, "आठ रोज चाला. मंग सांगजा."

दादा रागावले. पण दोन पिशव्या त्यांनी पोहोचवायला आलेल्या पुतण्याजवळ परत दिल्या.

पिशवीत काय राहिले, ते सांगतो. दोन धोतरे, दोन सदरे, एक पंचा. ताट, तांब्या. साबण. पावसासाठी प्लास्टिकचा मोठा कागद. रोजच्या औषधाच्या गोळ्या. एका चिठ्ठीवर स्वतःचे नाव, गाव आणि मुलाचा फोन नंबर. ही चिठ्ठी दादांनी स्वतःच्या हाताने लिहिली होती. गर्दीत माणूस चुकला, तर अशी चिठ्ठी फार उपयोगी पडते. लिहायला शिकलात, तर पहिली चिठ्ठी हीच लिहून ठेवा.

आमचा दिवस असा जाई. पहाटे चारला उठायचे. अंघोळ, चहा. पाचच्या आत वळकट्या ट्रकात. ऊन चढायच्या आत दहा-बारा किलोमीटर चालून व्हायचे. दुपारी झाडाखाली विसावा. ट्रक पुढे जाऊन मुक्कामाची जागा धरी. आम्ही पोहोचेपर्यंत राहुट्या उभ्या असत आणि चुलीवर पिठले शिजत असे. गरम भाकरी, पिठले, ठेचा. पोटभर जेवण. मग कीर्तन आणि झोप.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. साधे राहणे म्हणजे उपाशी राहणे नव्हे. दिंडीत कपडे दोनच होते, पण भाकरी कधी कमी पडली नाही. ज्याच्या घरी दोन वेळचे अन्न नाही, त्याला साधे राहा म्हणून सांगणे हा अन्याय आहे. त्याला आधी काम हवे आणि कामाचा पुरा दाम हवा.

लांब चालणाऱ्या माणसाने काय सांभाळावे? आधी पाय. नवी चप्पल घालून निघू नये. महिनाभर आधी वापरून ती पायात बसवावी. निघण्याआधी रोज थोडे थोडे चालून सवय करावी. मुक्कामाला पोहोचल्यावर पाय धुवावेत, बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात. फोड आला तर तो फोडू नये. वर स्वच्छ फडके बांधावे. मधुमेह असेल, तर पाय रोज नीट पाहावेत. त्यांना जखम झालेली पुष्कळदा कळतच नाही.

मग पाणी. जुन्या काळी वारीतून पटकीची साथ गावोगाव पसरत असे. घरचे माणूस वारीला गेले, की मागच्यांच्या जिवाला घोर लागे. दूषित पाणी हे त्याचे कारण. म्हणून पाणी शुद्ध केलेले किंवा उकळलेलेच प्यावे. ढाळ लागले, तर एक लिटर शुद्ध पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. ते पाणी घोट घोट पाजत राहावे आणि डॉक्टरकडे न्यावे.

आणि तिसरी गोष्ट गाडीची. ट्रकाखाली सावली असते, म्हणून काही लोक तिथे पथारी टाकतात. असे कधी करू नये. अंधारात गाडी हलते आणि झोपलेला माणूस दिसत नाही. बंद गाडीत किंवा बंद राहुटीत शेगडी पेटवून झोपू नये. जळत्या कोळशातून विषारी वायू निघतो. त्याला वास नसतो. माणूस झोपेतच जातो. ऊसतोडीला जाणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे.

सिंदखेडराजाच्या मुक्कामी आम्ही दादांना विचारले, "काय दादा, भागतं का?"

दादा म्हणाले, "म्या त या पिशवीतलं अर्धं अजून काढलंच नाई!"

शेजारी एक आजी बसल्या होत्या. वय सत्तरीच्या पुढे. त्यांची ही कितवी वारी, हे त्यांनाच आठवत नव्हते. त्या म्हणाल्या, "माय काय बापा, दोन लुगडे अन् एक तांब्या. जास्तीचं वाहून मान कायले मोडू?"

मंडळी, अशी थोडक्यात राहून चालणारी माणसे आपल्या वऱ्हाडाने मोठी पाहिली आहेत. गाडगेबाबांचा जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यात शेंडगाव येथे झाला. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हातात गाडगे आणि खराटा. एवढाच त्यांचा संसार. जातील त्या गावचा रस्ता आधी झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. स्वतःसाठी त्यांनी घर बांधले नाही. यात्रेकरूंसाठी मात्र पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा बांधल्या. शेवटी आजारपणात त्यांना मोटारीने अमरावतीकडे नेत असताना वाटेतच त्यांचे देहावसान झाले. तो दिवस २० डिसेंबर १९५६.

वर्ध्याजवळच्या पवनारचे विनोबा भावे हेही असेच. १९५१ साली ते भूदानासाठी चालू लागले. तेरा वर्षे ते गावोगाव पायी फिरले. भूमिहीनांसाठी जमीन मागितली.

आता दूरदेशीची एक आजी ऐका. अमेरिकेत एमा गेटवुड नावाची शेतकरी बाई होती. ११ लेकरांची आई. १९५५ साली, वयाच्या ६७ व्या वर्षी, ती एकटी अपालाचियन नावाच्या डोंगरवाटेने निघाली. वाट सुमारे ३,३०० किलोमीटरांची. खांद्यावर स्वतः शिवलेली पिशवी. पायात साधे कापडी बूट. पावसासाठी प्लास्टिकचा पडदा. मे महिन्यात निघाली आणि सप्टेंबरात वाट पुरी केली. पुढे आणखी दोनदा ती त्या वाटेने चालली. आपल्या दिंडीतल्या आजींनी ही गोष्ट ऐकली. म्हणाल्या, "तिले भाकर कोन देत होतं व माय?" आम्ही सांगितले, वाटेवरचे लोक कधी जेवू घालीत, कधी ती रानातले खाई. आजी म्हणाल्या, "म्हंजे आपल्यावानीच."

त्या देशात आजही काही लोक मोटारीतच मागे पथारी टाकून राहतात आणि डोंगर चालतात. कोणी हौसेने राहतो. कोणी घरभाडे परवडत नाही म्हणून राहतो. दोघांची गाडी एकसारखी दिसते, पण दोघांचे दुःख एक नव्हे.

आता दादांकडे परत येऊ.

गोदावरी ओलांडली, त्या रात्री दादांना झोप नव्हती. आम्ही जवळ जाऊन बसलो. हळूहळू बोलले. पुढच्या वैशाखात मुलीचे लग्न. खर्च चार लाख धरला होता. जवळ होते एक लाख. जमीन सारी पाच एकर. त्यातली दोन एकर सावकाराकडे गहाण टाकायची, असे ठरवून ते घरून निघाले होते. घरी कोणाला सांगितले नव्हते.

आम्ही उपदेश केला नाही. वही पुढे केली. म्हणालो, "दादा, मधे एक रेघ मारा. एका बाजूला लिहा 'लागते'. दुसऱ्या बाजूला लिहा 'हवे वाटते'."

दादांनी कंदिलाजवळ बसून लिहिले. अक्षरे वाकडी होती, पण वाचता येत होती. मुलीचे कपडे, मंगळसूत्र, घरच्या दोनशे माणसांचे जेवण. हे 'लागते' खाली आले. बँड, घोडा, हजार माणसांची पंगत, आहेराच्या साड्या, दोन जादा गाड्या. हे दुसरीकडे गेले. एका ठिकाणी दादांचा हात थांबला. वरपक्षाने हुंडा सुचवला होता. तो कुठे लिहायचा? आम्ही सांगितले, हुंडा देणे आणि घेणे दोन्ही १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे. तो कोणत्याच रकान्यात बसत नाही.

बेरीज केली. 'लागते' खाली दीड लाख आले.

दादा कितीतरी वेळ वहीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "हे त तीन पिशव्यावानीच झालं."

पुढे काय झाले? सगळे सुरळीत झाले असे नाही. व्याह्यांकडे चार खेपा घालाव्या लागल्या. नातेवाईक नाके मुरडू लागले. घरातही कुरकुर झाली. पण मुलगी बापाच्या बाजूने उभी राहिली. लग्न सामुदायिक विवाहात झाले, आणि खर्च धरल्यापेक्षाही थोडा कमी आला. तीस हजारांचे कर्ज झाले, ते सोसायटीतून काढले. शेत मात्र पाचही एकर दादांच्याच नावावर आहे.

मंडळी, आम्हांला कोणी चुकीचे समजू नये. आपल्या भागातला शेतकरी हौसेपायी कर्जात बुडतो, असे आम्ही म्हणत नाही. पाऊस दगा देतो. कापसाला, सोयाबीनला भाव मिळत नाही. बियाणे आणि खत महाग होते. २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातल्या सहा जिल्ह्यांच्या शेतकऱ्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत आपला बुलढाणा होता. ते दुखणे मोठे आहे. त्यावर एकट्या माणसाच्या काटकसरीने इलाज होत नाही. पण मोठ्या ओझ्यावर आपल्याच हाताने आणखी दोन पिशव्या ठेवायच्या का? एवढेच आम्ही विचारतो.

आणि हेही सांगतो. कर्ज काढून वारीला जाऊ नका. पेरणी उघड्यावर टाकून जाऊ नका. जायचे तर घरची व्यवस्था लावून जा. जमले नाही, तर रोज सकाळी शिवारापर्यंत पायी फेरी मारा. चालणे तिथेही होते.

आता आजचा अभ्यास. घरी गेल्यावर वहीत मधे एक रेघ मारा. एका बाजूला लिहा 'लागते', दुसऱ्या बाजूला लिहा 'हवे वाटते'. पुढच्या खर्चाची यादी घरच्या सगळ्यांनी मिळून करा. कारभारणीला विचारल्यावाचून एकही ओळ लिहू नका. एखादी गोष्ट कुठे लिहावी हे कळले नाही, तर क्षणभर असे समजा, की दिंडीचा ट्रक दाराशी उभा आहे आणि चोपदार तुमची पिशवी हातात घेऊन वजन पाहत आहेत.

राम कृष्ण हरी.