माझा रविवार कोणता?



गोव्यात मिरामारला २०१९ साली प्रथम भरलेल्या अर्ध-आयर्नमॅन शर्यतीत १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल व २१.१ किलोमीटर धावणे लागोपाठ करावयाचे असते. तिची तयारी आम्ही चाळिशीत आरंभिली. रविवारचे चार तास सायकलीवर जात, व उरलेला दिवस निद्रेत! वडिलांची औषधे, मुलांचा अभ्यास, बाजारहाट हे सारे सौभाग्यवतीच्या माथी. एकदा तिने सहज विचारिले, “माझा रविवार कोणता हो?” उत्तर सुचले नाही. शर्यतीत उतरणे आम्ही एक वर्ष लांबणीवर टाकिले. आता लांबची सायकलफेरी पंधरवड्यातून एकदाच. बुधवारची पहाट तिच्या पोहण्याची, आणि त्या दिवशीचे डबे आमचे. पोळ्या अद्यापि वाटोळ्या होत नाहीत.