दार कोणी लोटायचं?

गावोगावहून आलेले मानसोपचारतज्ज्ञ, समुपदेशक आणि आशाताई,

रत्नागिरीत आपलं मनापासून स्वागत. राहण्या-जेवण्यात काही उणं राहिलं तर हक्काने सांगा.

राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आमच्या गावात आहे. तरी वाडीवरच्या माणसाला तिथवर यायला अख्खा दिवस मोडावा लागतो, आणि एसटीत कोणी ओळखीचं भेटेल ही धास्ती वेगळीच. त्यामुळे २०२२च्या १० ऑक्टोबरला फोनवरून मानसिक आरोग्याचा सल्ला देणाऱ्या टेली-मानसचा १४४१६ नंबर सुरू झाला, त्याचं आम्हाला फार अप्रूप.

मी या विषयातला तज्ज्ञ नाही. स्वागताध्यक्ष सहसा नसतोच. तरी यजमान म्हणून एक बोलतो. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला. दवाखान्यात दार डॉक्टर लोटून घेतात. फोनवर ते दार पेशंटच्या घरात असतं, आणि आमच्याकडे पडवीतलं माजघरात ऐकू जातं. नवरा मुंबईला, सिमकार्ड त्याच्या नावावर, रिचार्जही तोच मारतो. बाई विहिरीपाशी रेंज शोधत बोलतेय. तिला घरच्या त्रासाबद्दल विचारण्याआधी ‘जवळ कोणी आहे का? नुसतं हो-नाही म्हणा’ एवढं विचारायला नको? औषधाची चिठ्ठी कोणत्या नंबरवर पाठवू, हेही तिलाच विचारा.

पेशंटने स्वतः फोन लावला तर संमती गृहीत धरावी, असं २०२०ची टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. ठीक आहे. पण सासूसाठी सून नंबर फिरवते तेव्हा? दोन मिनिटं जास्त गेली तरी सासूशीच बोलावं, या मताचा मी आहे.

आणि पत्ता! पुण्यातल्या डॉक्टरांसमोर पडद्यावर कोणी ‘जगावंसं वाटत नाही’ म्हणतं नि रेंज जाते. ‘लांजा तालुका’ एवढ्यावर रुग्णवाहिका कुठे पाठवणार? आत्ता कुठे आहात ते, आणि शेजारच्या एका भरवशाच्या माणसाचा नंबर, सुरुवातीलाच घेतलेला बरा.

दुपारच्या सत्रात केसेस मांडल्या जातील. नावं तुम्ही गाळालच. वाडी, बागेचा धंदा, बोटीवरची नोकरी हेही गाळा. इथे तेवढ्यावरून माणूस ओळखतात. त्या सत्रात मोबाइलवर फोटोही कृपया काढू नयेत.

आता उद्घाटकांना दीपप्रज्वलनाची विनंती करतो.