जमीन आपली, पण पीक कोणाचं? आयर्लंड ते वऱ्हाड

आज जरा लांब जाऊया, थेट आयर्लंडला. काळजी नका करू, परत कारंज्यालाच येणार आहोत.

भारतात पाय रोवायच्या कितीतरी आधी इंग्रजांनी शेजारच्या आयर्लंडची जमीन घेतली. १६०९ पासून अल्स्टर भागात आयरिश लोकांच्या जमिनी काढून इंग्लंड-स्कॉटलंडहून आणलेल्या माणसांना दिल्या. १६४१ मध्ये आयर्लंडच्या कॅथलिकांकडे साधारण ६० टक्के जमीन होती. १७०३ मध्ये उरली १४ टक्के!

आता आपलं वऱ्हाड. निजामाकडे फौजेच्या खर्चाची बाकी थकली म्हणून १८५३ मध्ये कंपनीने वऱ्हाड ताब्यात घेतलं. कागदावर मालक निजामच. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, अकाउंट निजामाचं, पासवर्ड इंग्रजांकडे. १९०२ मध्ये तर वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमचा पट्टाच करून घेतला.

पण इथे गोरे शेतकरी येऊन बसले नाहीत. वावर आपल्याच लोकांच्या नावावर राहिलं. मग गेलं काय? सारा रोखीत भरायचा, आणि रोकड देणारं पीक म्हणजे कापूस. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि नजर वळली वऱ्हाडाकडे. पुढे मूर्तिजापूर-कारंजा-यवतमाळ ही आपली शकुंतला आली, तीही कापसासाठीच. बांधणारी कंपनी ब्रिटिश, किलिक निक्सन.

याची किंमत दुष्काळात कळते. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्यावर रोग पडला, सुमारे १० लाख माणसं गेली, आणि तेव्हाही तिथलं धान्य जहाजात भरून इंग्लंडला जात होतं. वऱ्हाडाची लोकसंख्या १८९१ मध्ये सुमारे २९ लाख होती. मध्ये १८९९-१९०० चा मोठा दुष्काळ पडला, आणि १९०१ च्या जनगणनेत भरली साडेसत्तावीस लाख. कापूस खाऊन पोट भरत नाही ना!

म्हणून सातबारा कोणाच्या नावावर आहे, एवढंच विचारून भागत नाही. काय पेरायचं आणि भाव किती, हे कोण ठरवतं? इंग्रज गेले, शकुंतलाही थांबली. पण आजही कापसाचा भाव ठरताना परदेशातल्या बाजाराकडे बघावं लागतं.

तुमच्या आजोबांना विचारा, त्यांच्या लहानपणी वावरात ज्वारी किती होती, कापूस किती. उत्तर व्हॉइस नोटने नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!